‘हो’च्या कप्प्यातला श्वास

१

दर मंगळवारी सकाळी दहा वाजता कानताई कार्यालयाचं कुलूप काढायची, खिडकी उघडायची, पाण्याची बाटली भरून ठेवायची आणि मग अनोळखी माणसांना प्रत्येकी चाळीस सेकंद द्यायची. त्याहून जास्त द्यायला तिच्याकडे नसायचेच. आठवड्याला दोनशेच्या घरात गाणी यायची, कान मात्र दोनच होते.

कार्यालय म्हणजे एका लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या. तिथून दर शुक्रवारी इंटरनेटवर एक छोटंसं पत्रक निघायचं. त्यात पाच नवे गाणारे-वाजवणारे आणि पाच नवे चित्रकार असत. सगळे असे, की ज्यांचं नाव त्यांच्या गल्लीबाहेर कोणी ऐकलेलं नसायचं. गाणी कानताई निवडायची. चित्रं निवडायचं काम पलीकडच्या टेबलावरचे एक निवृत्त चित्रकला शिक्षक करायचे, त्यांना सगळे डोळेबुवा म्हणत. दोघांची खरी नावं आता फक्त पोस्टमनला ठाऊक होती.

कामाचा नियम साधा होता. आलेल्या गाण्यावर नुसता क्रमांक असायचा, नाव नाही. नाव कळलं की कान लाचार होतो, असं कानताईचं म्हणणं. चाळीस सेकंद ऐकायचं आणि बटण दाबून गाणं ‘हो’च्या नाहीतर ‘नाही’च्या कप्प्यात टाकायचं. ‘हो’मध्ये पडलं तरच नाव उघडायचं, आणि गुरुवारी त्याच्यावर चार ओळी लिहायला बसलं की ते पहिल्यांदा अथपासून इतिपर्यंत ऐकायचं.

“चाळीस सेकंदांत काय कळतं हो?” डोळेबुवा चिडवायचे. “तेवढ्यात तर लोक लग्नाला हो म्हणतात.”

“म्हणूनच मी नाही म्हटलं,” कानताई म्हणायची, आणि पुढचा क्रमांक लावायची.

लग्न केलं नव्हतं, पण लेकरू होतं. बहीण गेली तेव्हा भाची नऊ वर्षांची होती, ती मावशीकडे आली आणि तिथंच मोठी झाली. आता बावीसची होती. दिवसा एका दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायची, आणि उरलेला वेळ दार लावून आत काहीतरी वाजवायची, गुणगुणायची. दोन वर्षं तिचं एकच गाणं चाललं होतं. कोणालाही ऐकवत नव्हती.

“तयार झालं की क्रमांक लावून पाठवीन,” ती म्हणायची. “घरची म्हणून हो म्हणू नकोस. आणि घरची म्हणून नाही पण म्हणू नकोस.”

सगळ्या जगाला कान देणाऱ्या मावशीनं आपल्याला एकदा ऐकावं, एवढंच त्या पोरीला हवं होतं. कानताईलाही ते कळत होतं. रोज संध्याकाळी त्या बंद दारावरून जाताना ती मुद्दाम चपला वाजवत जायची. चोरून ऐकलं असं नको व्हायला.

२

क्रमांक एकशे सदतीसनं सुरुवात झाली. रिकाम्या तेलाच्या डब्यांवर धरलेला ठेका आणि त्यावर तोंडानं वाजवलेली शीळ, एवढंच होतं त्यात. पण दहाव्या सेकंदाला कानताईच्या हातावर काटा आला. चाळीस सेकंद पुरे व्हायच्या आत तिनं ते ‘हो’मध्ये टाकलं.

गुरुवारी तेच गाणं तिनं पुरतं लावलं. शिळेच्या खाली कोणीतरी श्वास घेत होतं. तोंड किंचित उघडं ठेवून, सावकाश. ठेक्याशी त्याचा काही संबंध नव्हता. शीळ वर चढली की तो श्वास थांबायचा, खाली आली की पुन्हा सुरू व्हायचा. आपण एखादी गोष्ट मन लावून ऐकतो तेव्हा करतो तसा.

पहिल्या सेकंदापासून होता तो. मग मंगळवारी आपल्या कानातून कसा सुटला? मंगळवारी खाली लाँड्रीत वाफेचं यंत्र चालू असतं, त्या आवाजात गेला असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. आणि कोणी आपल्या गाण्यात मुद्दाम ऐकणाऱ्याचा श्वास घातला असेल, तर ती कल्पना तिला फारच आवडली. नव्या लोकांच्या गाण्यांत पंख्याची घरघर येते, खुर्ची करकरते, आणि तीच त्यांची खुबी असते. तिनं लिहून टाकलं: ‘या रचनेतला सगळ्यात धाडसी वादक म्हणजे तिच्या आत बसलेला श्रोता.’

सोमवारी त्या शीळवाल्याचा फोन आला. मुलगा आनंदात होता, दोनदा आभार मानून झाले. मग जरा अडखळला.

“ताई, तेवढं एक राहिलं. तो श्वास माझा नाहीये.”

“मग खोलीत अजून कोण होतं?”

“कोणी नव्हतं. आणि माझा कसा असेल? माझा सगळा श्वास शिळेत जातो ना.”

“मशीनचा असेल मग. आलाय छान, राहू दे.”

“हो, राहू दे,” तो म्हणाला. “पण गंमत म्हणजे, तुमचं वाचायच्या आधी मी ते शंभर वेळा ऐकलं होतं. तेव्हा नव्हता.”

फोन ठेवल्यावर कानताई हसली. लिहिलेलं वाचलं की लोकांना नसलेलंही ऐकू येतं, हा तिचा वीस वर्षांचा अनुभव होता. हसली खरी, पण तिनं ते गाणं काही पुन्हा लावलं नाही.

३

पंधरा दिवसांनी डोळेबुवांनी तिला हाक मारली. एरवी ते जागेवरून ओरडायचे. आज उठून तिच्या टेबलापाशी आले, हातात छापलेलं एक पत्र होतं.

एक चित्रकार बाई जुन्या एक्स-रेच्या फिल्मांवर सुईनं ओरखडे काढून जिने आणि बोळ काढायची. माणूस कुठंच नाही, नुसत्या वाटा. डोळेबुवांनी तिची आठ चित्रं छापली होती आणि सातव्याबद्दल भरभरून लिहिलं होतं: ‘वळणावरची ती पाठमोरी आकृती साऱ्या जिन्याला अर्थ देते.’ आता बाईंचं पत्र आलं होतं. ‘सर, सातव्या चित्रात कोणीही नाही. तो रिकामा जिना आहे. कृपया दुरुस्ती छापावी.’

“तुम्हीच बघा,” डोळेबुवा म्हणाले. “माझा चष्मा बदलायला झालाय, पण इतकाही नाही.”

पडद्यावर जिना होता. वळणावर, जिथं सुईच्या रेषा संपत होत्या, तिथं कोणीतरी पाठ करून उभं होतं. डोकं एका बाजूला कललेलं. बंद दाराला कान लावावा तसं.

“आहे की,” कानताई म्हणाली.

“आहे ना? तेच म्हणतो मी. पण बाई चूक नाहीत. पस्तीस वर्षं मी पोरांच्या रेषा तपासल्या. हे ओरखडून काढलेलं नाही. इथं फिल्म आतूनच काळी पडलीय.”

त्यांनी बाईंना मूळ फिल्मचा फोटो मागितला. बाईंनी ती खिडकीच्या काचेवर धरून फोटो पाठवला, मागे दुपारचं लख्ख ऊन होतं. आकृती त्यातही होती. खाली दोनच शब्द लिहिले होते: ‘काल नव्हती.’

डोळेबुवांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग जाऊन स्वतःच्या जागेवर बसले. त्या दिवशी त्यांनी डबाही उघडला नाही.

४

कानताईचा स्वभाव असा, की मनात किडा वळवळायला लागला की तो बाहेर काढल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. शुक्रवारी पत्रक गेल्यावर तिनं वर्षभराचा ‘हो’चा कप्पा उघडला. भर दुपार होती, खाली लाँड्रीवाला गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होता, भ्यावं असं काहीच नव्हतं.

पहिलं गाणं लावलं. श्वास. दुसऱ्यात होता. पाचव्यात, अकराव्यात, तिसाव्यात होता. एका बाईचं अंगाईसारखं गाणं, दोन भावांचा गिटारवरचा गोंधळ, कोणाचे तरी नुसते टाइपरायटरचे आवाज, सगळ्यांत एकच श्वास, तोच. गाणी निवडली तेव्हा यातल्या एकातही तो तिला ऐकू आला नव्हता. जुन्या गाण्यांत लांब होता, खोलीच्या पलीकडच्या टोकाला असावा तसा. अलीकडच्या गाण्यांत जवळ आला होता.

मग तिनं ‘नाही’चा कप्पा उघडला. शंभर गाणी ऐकली. सगळी स्वच्छ होती. एकातही श्वास नव्हता.

तिनं शीळवाल्याला फोन लावला. उचलला त्याच्या वडिलांनी.

“तो आता वाजवत नाही,” ते म्हणाले. “डबे माळ्यावर टाकलेत.”

“बरा आहे ना?”

“जेवतो, कामावर जातो, म्हणजे बराच म्हणायचा.” त्यांनी आवाज खाली आणला. “बाई, आठ दिवस झाले, घरात एक शब्द बोललेला नाही. काही हवं असलं तर कागदावर लिहून देतो. आई रडायला लागली तेव्हा त्यानं लिहिलं, मी आवाज केला की ते जवळ येतं. काय जवळ येतं, ते लिहीत नाही. तुम्ही त्याचं कौतुक छापलंत, तेव्हा इतका खूश होता हो. तुम्ही त्याला काही बोलला होतात का?”

“नाही हो, काही नाही,” एवढंच कानताई म्हणाली, आणि आपण खोटं बोलतोय की खरं, तेही तिला कळलं नाही.

५

“आपल्या ‘हो’नंच होतंय,” सोमवारी ती डोळेबुवांना म्हणाली.

“बटण दाबल्यानं माणसं मुकी होत नाहीत, कानताई.”

“मग करून बघू.”

तिनं ‘नाही’मधलं एक अगदी टुकार गाणं उचललं. गाणारा स्वतःच्याच गाण्याला कंटाळलेला वाटत होता. ते मुद्दाम ‘हो’मध्ये टाकलं, त्यावर चार गोड ओळी लिहिल्या, शुक्रवारी छापलंही. पुढच्या आठवड्यात दोघांनी खुर्च्या जवळ ओढून ते दोनदा ऐकलं. श्वास नव्हता. डोळेबुवांनीही एका भिकार चित्राशी तोच प्रयोग केला होता. चित्रात काही उगवलं नव्हतं.

“म्हणजे बटणाचं काही नाही,” कानताई म्हणाली. तिला एकदम हलकं वाटलं.

“की त्याचीही आवड चोखंदळ आहे?” डोळेबुवा म्हणाले. गंमत म्हणून म्हणाले असतील, पण दोघांपैकी कोणीच हसलं नाही.

त्यांनी मग तोंडी ठराव केला. काय ते कळेपर्यंत चांगलं काही निवडायचं नाही. बरं वाटलं की ‘नाही’. सुमार असलं की ‘हो’. कानताईला आयुष्यात इतकं लाजिरवाणं काम कधी करावं लागलं नव्हतं. कोणी पोटतिडकीनं गायलेलं दहा सेकंदांत ओळखायचं आणि दार लावून घ्यायचं. त्यांच्याच भल्यासाठी, असं ती मनात म्हणायची. दोन महिने असंच पत्रक गेलं आणि वाचकांच्या लक्षातही आलं नाही. उलट दोघातिघांनी ‘दर्जा सुधारला’ म्हणून कळवलं.

या दोन महिन्यांत छापलेल्या एकाही गाण्यात श्वास आला नाही; ‘नाही’चा कप्पा मात्र पुन्हा कोणी उघडून पाहिला नाही. डोळेबुवा पुन्हा डबा खायला लागले.

६

भाचीनं क्रमांक लावून गाणं पाठवलंच नाही. रविवारी दुपारी ती हेडफोन हातात घेऊन थेट मावशीसमोर येऊन उभी राहिली. केस विंचरलेले, ओठ सुकलेले.

“झालं,” ती म्हणाली. “पण चाळीस सेकंद नकोत. पूर्ण ऐक. पाच मिनिटं आहे.”

“कार्यालयात पाठव ना. नियम म्हणजे नियम.”

“मावशी, दोन वर्षं लागली गं मला.”

कानताईनं हेडफोन घातले तेव्हा उत्तर ठरलेलंच होतं. कसंही असो, नाही म्हणायचं. पोर चार दिवस रडेल, पण तोंडानं बोलत राहील. हिशेब सरळ होता.

गाणं सुरू झालं. आधी दवाखान्याच्या फोनची घंटी, दूरवर वाजणारी. मग भाचीचा आवाज, शब्द नाहीत, नुसता एक सूर, फोन कोणी उचलतंय का याची वाट बघत असल्यासारखा. कोणी उचलत नाही. सूर वाढत जातो, रागावत नाही, रडत नाही, वाट बघणं सोडत नाही. कानताईनं मन दुसरीकडे न्यायचा प्रयत्न केला. समोरच्या फरश्या मोजल्या. दळण आणायचं राहिलंय हे आठवून पाहिलं. चौथ्या मिनिटाला तो सूर एकदम नऊ वर्षांच्या मुलीचा झाला. बहीण गेली त्या आठवड्यात रोज संध्याकाळी आईच्या बंद फोनवर फोन लावत बसणारी ती मुलगी. कानताईला ती तेव्हाही दिसत होती आणि तेव्हाही तिला काय करावं ते सुचलं नव्हतं. वीस वर्षांत ऐकलेल्या हजारो गाण्यांत असं काही तिच्या कानांवर पडलेलं नव्हतं.

तिनं हेडफोन काढले. ते भाचीच्या हातात परत दिले.

“नाही जमलं,” ती म्हणाली.

“काय नाही जमलं?”

“एकूणच. लांबलंय. दुसरं काहीतरी कर.”

भाची तिच्याकडे बघत राहिली. “खरं सांगतेयस?”

“तूच म्हणाली होतीस ना, घरची म्हणून हो म्हणू नकोस.”

पोरगी रडली नाही. तिथंच उभं राहून तिनं फोनवरून ते गाणं पुसून टाकलं, मग आत जाऊन संगणकावरूनही पुसलं, आणि दार लावून घेतलं. आपण हे काय केलं, असं कानताईला शंभरदा वाटलं. तरी त्या सगळ्याच्या तळाशी एक सुटकाही होती. गाणं आता कुठल्याच कप्प्यात नव्हतं. जगातच नव्हतं.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी कानताई लवकर उठून दळण आणायला गेली. भाचीशी नजरानजर टाळायचीही होतीच. गिरणीत रांग होती, परत यायला तासभर लागला.

ती पिठाचा डबा घेऊन आत आली तेव्हा भाची स्वयंपाकघरात दोन कप मांडून बसली होती. डोळे सुजलेले, पण चेहरा असा उजळलेला, की कानताई उंबऱ्यातच थांबली. कित्येक वर्षांत तिनं तो चेहरा पाहिला नव्हता.

“चहा घे,” भाची म्हणाली. “आणि काल खोटं का बोललीस ते सांगू नकोस. मला कळलं.”

“काय कळलं?”

“सकाळी मी ते पुन्हा म्हणत होते. नुसतंच, तोंडानं. ते पुसलं तरी डोक्यातून थोडंच जाणार होतं? तर तू दाराबाहेर येऊन उभी राहिलीस.” ती हसली. “आधी वाटलं जाशील. पण गेली नाहीस. मग मी तीनदा म्हटलं, तुझ्यासाठी. तिन्ही वेळा पूर्ण ऐकलंस तू. आवडल्याशिवाय कोणी असं ऐकतं का?”

कानताईनं डबा खाली ठेवला. ‘त्याचीही आवड चोखंदळ’ या डोळेबुवांच्या गमतीनं आत्ता कुठं तिच्या काळजाला हात घातला. बटणाचा प्रश्नच नव्हता. छापण्याचा नव्हता, कप्प्याचा नव्हता. टुकार गाण्यात कोणी आलं नव्हतं, कारण ते तिला आवडलेलं नव्हतं. आणि काल दुपारी, फरश्या मोजता मोजता, तिला तिच्या आयुष्यात सगळ्यात जास्त काय आवडलं होतं ते तिला पुरतं ठाऊक होतं. तोंडानं नाही म्हटलं होतं. तोंडाला विचारतो कोण?

“मी नव्हते गं,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. “मी गिरणीत गेले होते. आत्ता येतेय, हे बघ, पीठ अजून गरम आहे.”

“चल, काहीतरीच.”

“बाळा, ऐक माझं. ते गाणं परत म्हणू नकोस. कधीच नको. आत्ता बोलूही नकोस.”

“अशी काय करतेस?” भाची अजून हसतच होती. “लाजतेस कशाला? दाराखालच्या फटीत सावली दिसत होती तुझी. श्वास ऐकू येत होता.” आणि मावशीची थट्टा करावी म्हणून तिनं मान वाकडी करून त्या सुराची पहिली ओळ हळूच धरली.

कानताई झेपावली आणि तिच्या तोंडावर हात ठेवला. कप कलंडला, चहा टेबलावरून खाली ठिबकायला लागला. भाचीचे डोळे आश्चर्यानं मोठे झाले. ते मावशीच्या खांद्यावरून मागच्या बोळाकडे गेले आणि तिथंच थांबले. मावशीला वळून बघवेना.

बऱ्याच वेळानं भाचीनं तो हात हळूच बाजूला केला.

“मावशी,” ती अगदी हळू आवाजात म्हणाली, “तू एवढ्या जोरात श्वास का घेतेयस?”

कानताईनं तर केव्हाचा श्वास रोखून धरला होता.